टाय, आडनाव आणि इंटरव्ह्यू

इस्त्रीचा शर्ट घातला की पोरगा बाटला म्हणणारे काही क्रांतिकारक आपल्यातच आहेत. त्यांनी चौकातला बाबासाहेबांचा पुतळा एकदा नीट बघावा. अंगात सूट, गळ्यात टाय. गावात ज्यांना चांगलं कापड घालायची बंदी होती त्यांच्यासाठी तो सूट म्हणजे सरळ बंड होतं.

तेव्हा इंटरव्ह्यूला चांगलंच घालून जा. बूट भावाचे मागून घ्या, पण पॉलिश करा. सर्टिफिकिटं आदल्या रात्रीच लावून ठेवा.

पण 'पर्सनॅलिटी सुधारा, नोकरी मिळेल' हे क्लासवाल्यांचं कीर्तन ऐकू नका. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले, तेव्हा त्यांच्या कपड्यात काय खोट होती? शिपाई फायली लांबून फेकायचे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचं २००७ मधलं संशोधन बघा. सारख्याच शिक्षणाचे अर्ज खाजगी कंपन्यांना धाडले, फरक फक्त नावाचा. दलित आडनावाला बोलावणं कमी आलं. तिथं कुणाचा शर्ट दिसला होता?

आत गेलात की 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतील. बाप झाडू मारत असेल तर झाडू मारतो म्हणा, मान वर ठेवून.

केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच काढून टाकल्या. खाजगीवाल्यांना मात्र आरक्षण नको, नुसते लेखी मार्कही नकोत. त्यांना तोंड बघायचंय. मग मुलाखतीचे मार्क भिंतीवर लावा, ही मागणी घेऊन त्याच इस्त्रीच्या शर्टात आपण त्यांच्या गेटवर गेलं पाहिजे.