रक्तवाहिन्यांचे विकार आणि मोबाइल : स्मरण यंत्राचे, स्पर्शन वैद्याचे



चिंचणी-तारापूर परिसरात रुग्णपरीक्षण करताना अलीकडे एक दृश्य नित्याचे झाले आहे. रुग्ण समोर बसतो आणि तक्रार सांगण्याआधी खिशातील मोबाइल पुढे करतो. दिवसभरात किती पावले चालणे झाले, नाडीचे ठोके किती पडले, झोप किती लागली, हे सर्व आकडे पडद्यावर हजर असतात. औद्योगिक वसाहतीत पाळीपाळीने उभे राहून राबणारा कामगार असो वा घरातच तासन्‌तास बसून दागिन्यांचे साचे घडविणारा डायमेकर असो, सिरांच्या गाठी, पायांची सूज, मधुमेह आणि रक्तदाब या तक्रारी आम्हांस दोघांतही आढळतात. अशा रुग्णांच्या हाती आलेल्या या साधनाकडे पाठ फिरविणे आता शक्य नाही. प्रश्न इतकाच आहे की, त्याला कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. मोबाइलला स्मरणाचे काम द्यावे, परीक्षणाचे देऊ नये.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपणां सर्वांस परिचित आहे. मोबाइलवर छायाचित्र पाहता येते, म्हणजे दर्शन काही अंशी साधते. बोलता येते, म्हणजे प्रश्नही साधतो. राहते ते स्पर्शन. आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांत निर्णय बहुधा तेथेच होतो. पायाच्या पाठीवरील आणि घोट्यामागील धमनीचे स्पंदन लागते की नाही, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थंड आहे काय, तळव्याची संवेदना शाबूत आहे काय, हे बोटांनाच कळते. घोट्याजवळील रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले असता गुणोत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा संशय बळावतो. ही तपासणीही रुग्णाच्या पायाला हात लावल्यावाचून होत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एक मधुमेही गृहस्थ आले. मोबाइलने पावलांचे उद्दिष्ट पूर्ण झाल्याची शाबासकी दिली होती, म्हणून ते निश्चिंत होते. चालताना पोटरी धरते, थांबले की उतरते, हे त्यांनी विचारल्यावरच सांगितले. डाव्या पायाचे स्पंदन हाती लागले नाही. पावले मोजणाऱ्या यंत्राने खोटे काही सांगितले नव्हते. ती पावले किती वेळा थांबून टाकली, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

यंत्र खोटेही सांगू शकते, याचा दाखला अमेरिकेत मिळाला. ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचे अ‍ॅप केवळ मोबाइलच्या आधारे रक्तदाब सांगत असे आणि त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती विकल्या गेल्या. जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी 85 व्यक्तींवर केलेली तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, अशा पाचांपैकी जवळजवळ चौघांना त्या अ‍ॅपने तो वाढलेला नसल्याचे सांगितले होते. खोटा दिलासा हा खोट्या भीतीपेक्षा घातक असतो, कारण दिलासा मिळालेला रुग्ण वैद्याकडे येतच नाही. रक्तदाब मोजावा तो दंडाला पट्टा बांधूनच.

मग मोबाइल निरुपयोगी समजावा काय? मुळीच नाही. याच महाराष्ट्रात त्याच्या सदुपयोगाचे उदाहरण आहे. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात आपल्या राज्यातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे प्रारंभीच निवडले गेले. या उपक्रमात ‘सिम्पल’ नावाचे अ‍ॅप वापरण्यात आले. त्याचे काम नावाप्रमाणेच साधे. रुग्णाच्या हाती एक कार्ड असते. आरोग्य कर्मचारी ते मोबाइलने वाचतो, त्या दिवशीचा रक्तदाब आणि औषध नोंदवितो. ठरलेल्या दिवशी जे आले नाहीत त्यांची यादी अ‍ॅप तयार करते आणि कर्मचारी त्यांना दूरध्वनी करतो. निदान माणूस करतो, यंत्र फक्त विसरत नाही.

आपली उणीव नेमकी हीच आहे. आलेला रुग्ण आपण मनापासून तपासतो. न आलेला रुग्ण आपल्या नोंदवहीत हरवतो. पाळी बदलली, मासेमारीचा हंगाम सुरू झाला, गावी जाणे झाले, की औषध सुटते, आणि रुग्ण पुन्हा दिसतो तो जखम काळी पडल्यावर. मोबाइलमध्ये अशा रुग्णांची यादी ठेवणे कोणासही अवघड नाही. मात्र ती रुग्णाच्या संमतीने ठेवावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे, याचे भान असावे.

औषधालयाच्या मालकांचा वाटा येथे मोठा आहे. महिन्याचे औषध न्यावयास कोण आले नाही, हे वैद्याआधी त्यांना कळते. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांचे छायाचित्र मोबाइलवर मागून घेण्याची सवय त्यांनी लावावी. वॉरफेरिन वा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या रुग्णास गुग्गुळाचे वा लसणाचे कल्प वैद्यास विचारल्यावाचून देऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आणखी एक गोष्ट कटू वाटली तरी लिहिणे भाग आहे. एकाच पोटरीला अचानक सूज आणि वेदना असेल, तर मोबाइलवरील छायाचित्र पाहून अभ्यंग सुचवू नये. आत रक्ताची गुठळी असल्यास मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. संवेदना गेलेल्या मधुमेही पावलास स्वेदन सांगितले, तर भाजल्याचे त्याला कळतही नाही. पाय एकाएकी थंड, पांढरा आणि बधिर पडला, तर संदेशांची देवाणघेवाण करीत बसू नये. पाय वाचविण्यास हाती जेमतेम सहा तास असतात. त्यांतील किती चिंचणीहून बोईसर आणि पुढे मुंबई गाठण्यात जातात, हे आपण सारे जाणतो. तत्काळ पाठविणे हीच तेथे चिकित्सा होय.

सुश्रुताचार्यांनी सातशे सिरा आणि चोवीस धमन्या सांगितल्या, त्या शरीर प्रत्यक्ष पाहून अभ्यासण्याच्या परंपरेत. त्या परंपरेचे आपण वारस आहोत. मोबाइल टेबलावर खुशाल असू द्यावा. मात्र मधुमेहाचा, रक्तदाबाचा वा पायदुखीचा प्रत्येक रुग्ण उठण्यापूर्वी त्याची पादत्राणे उतरवून दोन्ही पावलांना हात लावावा, एवढीच आमची सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती आहे.