शर्यत गरिबाच्याहि आवांक्यांत राहो

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, विशेषतः पारनेर-संगमनेरकडे, यात्रा म्हटली कीं बैलगाडा-शर्यतीची आठवण होतेच. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बंद केली. डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. धांव १००० मीटरांहून अधिक नसावी, चाबूक-काठी वापरूं नये, हे निर्बंध मुक्या जनावरांच्या रक्षणार्थ असल्यानें सर्वथैव योग्य होत.

परंतु खर्चास बांध घालणें यात्रा-समितीच्याच हातीं आहे. बक्षिसांत ट्रॅक्टर व मोटारी आल्या. नामांकित बैलांच्या किंमती लाखांवर गेल्या. मग घरच्या गाईचा गोऱ्हा शिकवून आणणाऱ्या शेतकऱ्यानें कोठें उभें राहावें?

सातारा-सांगलीकडे दुधाचे दांत न पडलेल्या गोऱ्ह्यांचा ‘आदत’ व दोन दांतांचा ‘दुसा’ असे गट पाडतात. नवख्यांची ही पहिली पायरी आपल्याकडेहि असावी. तींत प्रवेश-फी अल्प, बक्षीस माफक आणि एका मालकाची एकच जोडी, असे नियम करावेत. बक्षीस माफक असलें म्हणजे त्यासाठीं महाग जनावर विकत आणण्याचा मोह उरत नाहीं.

गर्दी ओसरेल, असें कोणी म्हणेल. मोठीं बक्षिसें मोठ्या गटांस खुशाल असोत! फॉर्म्युला वनसारख्या धनाढ्य मोटार-शर्यतींतहि २०२१ पासून संघांच्या खर्चास मर्यादा घालावी लागली.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील यात्रा-समितीवर असतील. त्यांनीं येत्या यात्रेपूर्वीं याचा अवश्य विचार करावा, अशी आमची विनंति आहे.