सावकाश : उशीवर टेकलेलं डोकं

दीडपट! रविवारी डोंबिवलीला ताईकडे जेवायला गेलो होतो. भाच्याने ताट पुढे ओढतानाच बातमी दिली, आणि तीही शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने. "मामा, तुझं ते 'मुशिशी' संपवलं. सव्वीसच्या सव्वीस भाग. दीडपट स्पीडवर लावलं म्हणून जमलं, नाहीतर त्यात काही होतच नाही रे."

ज्या मालिकेत गिन्को नावाचा माणूस पाठीला लाकडी पेटी लावून डोंगरातून चालतो आणि ते चालणं हाच अर्धा भाग असतो, ती या मुलाने पळवली. पुरणाची गोळी करून पाण्याबरोबर गिळावी, तसं. माझा एक जुना सिद्धांत आहे, त्याला पुरावा नाही आणि शोधायचीही इच्छा नाही: मुलुंड गेलं की डोंबिवलीला उतरायला दाराशी येऊन उभे राहणारे आणि दीडपट वेगाने बघणारे हे एकच लोक. मधली सगळी स्टेशनं यांना अडचण वाटतात.

तरी चूक माझीही आहे. याच सदरात मी 'मुशिशी' सुचवली होती. शिफारस मागे घेत नाही, पण नवख्याला पहिली म्हणून ती द्यायला नको होती. बाकीचे तर त्याहून थोर. कुणी विचारलं, ॲनिमे कुठून सुरू करू, की हे लोक 'नारुतो'चे दोन्ही मिळून ७२० भाग अंगावर फेकतात, नाहीतर हजारी कधीच ओलांडलेलं 'वन पीस'. अर्थात ज्या घरांनी 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग रिचवले, त्यांना आकड्यांनी घाबरवण्यात अर्थ नाही. पण तो संथपणा निराळा. आपल्या मालिकेत सून दारात उभी राहते, कॅमेरा तिच्यावर तीनदा आदळतो, मग सासूवर तीनदा, मग देवघरातल्या समईवर. त्याला मी संथ म्हणत नाही, अडकलेलं म्हणतो. (बरं, पुरे. या विषयावर मी गेल्या महिन्यातच तोंड उघडलं होतं.)

तर नवख्या मराठी माणसाला पहिलं काय द्यावं? बुद्धिबळासारख्या शोगीच्या पटाशी एकटा पडलेला मुलगा आणि त्याला जेवू घालणाऱ्या तीन बहिणींचं 'मार्च कम्स इन लाइक अ लायन' छान आहे, 'बाराकामोन' हलकंफुलकं आहे, 'फ्रीरेन'ची तर सध्या चलती आहे. माझं मत मात्र आता पक्कं झालंय: 'शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू'. हारुको कुमोता यांच्या मांगावरून केलेले दोन हंगाम, २०१६चे १३ भाग आणि २०१७चे १२. शिंजू म्हणजे जोडीने केलेली आत्महत्या, तेव्हा लहान मुलांना घेऊन बसू नका.

राकुगोत एक माणूस आसनावर गुडघे मोडून बसतो आणि गोष्ट संपेपर्यंत उठत नाही. जवळ एक पंखा, एक हातरुमाल. मान एका बाजूला वळली की एक पात्र, दुसरीकडे वळली की दुसरं. पंखा कधी जेवायच्या काड्या होतो, कधी चिलीम. गोष्टीआधी तो इकडचं तिकडचं बोलत श्रोत्यांना चाचपतो. त्या भागाला 'माकुरा' म्हणतात, म्हणजे उशी. श्रोत्यांनी डोकं टेकलं की वरचा अंगरखा उतरवायचा आणि गोष्टीत शिरायचं. आपले कीर्तनकार बुवा पूर्वरंग आटोपून, बुक्का-हार झाला की आख्यानाला लागतात, तेव्हा आणखी वेगळं काय करतात? बुवा उभे, हा बसलेला, एवढंच. राकुगोचा एक धागाही प्रवचनातूनच आला आहे: साकुदेन नावाच्या बौद्ध भिक्षूने सतराव्या शतकात विनोदी गोष्टींचा मोठा संग्रह करून ठेवला होता.

आणि आपण तर हे फुकट शिकलेले लोक. पु. ल. देशपांडे १९६१ साली एकटे उभे राहून अख्खी 'बटाट्याची चाळ' वसवायला लागले. मिरासदार, शंकर पाटील, माडगूळकर गावोगाव कथा सांगत हिंडले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांडे बावन्न माणसं व्हायचे. ठाण्यात म्हाळगी व्याख्यानमालेला जानेवारीच्या थंडीत लोक शाल गुंडाळून एका माणसाचं बोलणं ऐकत बसतात. अशा श्रोत्याला 'यात काही होत नाही' म्हणायची सोय नाही.

फरक आहे तो पुढे. या मालिकेतला गुरू आठवा याकुमो आहे. आठवा! नाव गुरूकडून शिष्याकडे जातं, नावाबरोबर गोष्टी जातात. तीच गोष्ट दोन मित्र सांगतात. एक सांगताना हशा उसळतो, दुसरा सांगताना बायका पदर सावरून बसाव्यात तशी सभा शांत होते, आणि मालिका आपल्याला दोन्ही वेळा गोष्ट ऐकायला लावते. आपल्याकडे दुसरे पुलं असा हुद्दा नाही. आपण माणसाबरोबर त्याचा प्रयोगही पोचवतो आणि कॅसेट जपतो. 'वऱ्हाड'ला संदीप पाठक मिळाले हा अपवाद, आणि तेव्हाही निम्मे लोक 'मूळची मजा नाही' हे सांगायलाच गेले असणार.

दुसऱ्या हंगामात प्रश्न हाच आहे: म्हातारा याकुमो ही कला स्वतःबरोबर चितेवर न्यायला निघालाय, ती राहणार कशी? जपानात हे भाग दाखवले जात होते तो फेब्रुवारी २०१७. त्याच महिन्यात डोंबिवलीत नव्वदावं साहित्य संमेलन भरलं होतं आणि मांडवात मराठी टिकेल का याची चिंता चालू होती. तिकडे निदान माणसं गोष्ट तरी सांगत होती.

जेवणं झाल्यावर मी पहिला भाग लावला. पाऊण तासाचा आहे. ताई मेथी निवडायला बसली होती. "जपानी कार्टून मला नको," म्हणाली. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं, नाना पाटेकर शेरखान होऊन गुरगुरायचा, तेव्हा ही रविवारी हलायची नाही. तेही जपानीच होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

तुरुंगातून सुटलेला योतारो बसून गोष्ट सांगतो. भुरटा चोर कंगाल भाडेकरूच्या खोलीत शिरतो. न्यायला काही नाही. भाडेकरू परततो, चोर लपतो, आणि भाडेकरूच्या लक्षात येतं की थकलेलं भाडं आता चोरीवर ढकलता येईल. मग घरमालकापुढे, घरात कधीच नसलेल्या वस्तूंची यादी. घरमालक सहज अंथरुणाच्या सुती अस्तराचं बोलतो, तर याच्या प्रत्येक वस्तूला तेच सुती अस्तर.

"काय म्हणाला तो?" ताई. खालची इंग्रजी अक्षरं तिला लांबून दिसेनात. भाचा वाचून दाखवायला लागला. सवयीने लावलेल्या दीडपट वेगात ते जमेना, म्हणून त्याने वेग मूळ जागी आणला. मग त्याच्याही नकळत घरमालकाला तो डावीकडे वळून बोलायला लागला, भाडेकरूला उजवीकडे. भाडेकरूचा आवाज तर थेट यांच्या मजल्यावरच्या एका गृहस्थाचा. ताईचं मेथीकडे लक्षच उरलं नाही. देठं पातेल्यात आणि पानं कागदावर पडत होती.

संपल्यावर तिने डोळे पुसले आणि मी निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी ये, उरलेलं बघू." मग मुलाकडे वळून, "आणि तू तो घरमालक नीट कर. अगदीच चोरासारखा बोलत होतास."

– तलावपाळीकर