काळ्या पडद्याचा दोष प्रेक्षकाच्या माथी का?

वर्गणी भरलेला चित्रपट टॅबलेटवर स्वच्छ दिसतो. तोच टॅबलेट तारेने टीव्हीला जोडला की आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. आपल्या भाषेतला चित्रपट किंवा नाटक सवडीने पाहायचे, तर त्यांना ऑनलाइन सेवांचा मोठा आधार असतो. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट सुटीच्या दिवशी टीव्हीला लावावा आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र पाहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती फसली की दुकानदार म्हणतो, "केबल बदली जुओ." मदतकेंद्र सांगते की टीव्ही जुना झाला. जाणकार म्हणवणारे समजावतात की चोरी थांबवायची तर एवढे सोसावेच लागेल. ही तिन्ही उत्तरे मला अमान्य आहेत. त्यांत जेवढे खरे आहे तेवढे मान्य करून मी माझी बाजू मांडतो.

केबलपासून सुरुवात करू. केबल कधीच दोषी नसते, असे माझे म्हणणे नाही. एचडीएमआय तारेत चित्राच्या जोड्यांखेरीज दोन उपकरणांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी वेगळ्या बारीक तारा असतात आणि कॉपी-संरक्षणाच्या कुलपाची ओळखपाळख त्यांच्यावरूनच चालते. लांब, हलक्या तारेत ती तुटू शकते. स्वस्त अडॅप्टरमधली चिपही ती पुढे पोहोचवत नाही, असे घडते. पण हे तपासायला पैसे लागत नाहीत. त्याच तारेने आपण स्वतः चित्रित केलेला घरचा व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहा. तो दिसला, ॲपची यादीही दिसली आणि फक्त चित्रपट सुरू होताच पडदा काळा झाला, तर अडचण कॉपी-संरक्षणाच्या कुलपापाशी आहे. काहीच दिसत नसेल, टॅबलेटचा मुख्य पडदासुद्धा उमटत नसेल, तर प्रश्न निराळा आहे. अनेक स्वस्त टॅबलेटच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडण्याची सोयच नसते. ते पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींपुरते असते. अशा टॅबलेटला हजार रुपयांची तार लावली तरी चित्र येणार नाही. हे दोन्ही प्रकार ओळखायला पाच मिनिटे पुरतात. ती न घालवता ग्राहकाला दुसरी, मग तिसरी केबल विकणे हा अन्याय आहे.

आता टीव्ही जुना असल्याच्या सबबीकडे येऊ. या कुलपाचे नाव एचडीसीपी. ते इंटेलने विकसित केले. पहिल्या पिढीत प्रत्येक उपकरणाला ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या दिलेल्या असतात. टॅबलेट आणि टीव्ही त्यांच्या आधारे एकमेकांची ओळख पटवतात. ती पटली तरच संरक्षित चित्र पुढे जाते. मधे स्प्लिटर किंवा ॲम्प्लिफायर असेल तर त्यालाही याच परीक्षेतून जावे लागते. २०१३ पासून एचडीसीपी २.२ आले आणि फोर-के चित्रपटांसाठी त्याचा आग्रह धरला जाऊ लागला. त्या संक्रमणाच्या काळातल्या कित्येक टीव्हींमध्ये एचडीएमआयच्या तीन-चार पोर्टांपैकी एखादेच नव्या आवृत्तीचे होते. म्हणजे टीव्ही तोच, फक्त शेजारच्या पोर्टला तार लावली की चित्र येते. शिवाय साध्या एचडी चित्रपटाला बहुतेक वेळा जुनी आवृत्ती चालते. खरी आडकाठी व्हीजीएवाल्या प्रोजेक्टरची आणि काही जुन्या मॉनिटरांची. त्यांच्यात हे कुलूप उघडण्याची सोयच नाही. मग "नवा टीव्ही घ्या" हा सल्ला पहिला कसा? आधी पोर्ट बदला, मधला स्प्लिटर काढा, टॅबलेटवर स्क्रीन रेकॉर्ड करणारे ॲप चालू असेल तर बंद करा, टीव्ही आधी सुरू करून मग तार जोडा. एवढे करूनही जमले नाही, तरच टीव्हीकडे बोट दाखवावे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे आणि त्याचा आदर ठेवून उत्तर द्यायला हवे. मराठी चित्रपटाचे अर्थकारण नाजूक असते. चोरीची प्रत फिरली की निर्मात्याच्या पोटावर पाय येतो. कुलूप असू नये, असे मी म्हणतच नाही. पण हे विशिष्ट कुलूप कोणाला अडवते ते पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीच्या पहिल्या पिढीची मूळ किल्ली जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलनेच मान्य केले. त्याआधी २००१ मध्येच संशोधकांनी या रचनेतली कमजोरी दाखवली होती. चोरीच्या फाइलीला तर कुलूपच नसते. ती कोणत्याही टॅबलेटवरून कोणत्याही टीव्हीवर बिनतक्रार चालते. म्हणजे फुकट्याला चित्र मिळते आणि पैसे भरणारा काळा पडदा पाहतो. या व्यवस्थेने निर्मात्याचे किती भले होते? वैतागलेला प्रामाणिक प्रेक्षक चोरीच्या फाइलीकडे वळला, तर निर्मात्याने एक गिऱ्हाईकच गमावले.

यावर कोणी म्हणेल की एका वर्गणीवर अख्खी गल्ली चित्रपट पाहते, गणेशोत्सवाच्या मंडपात प्रोजेक्टर लावते. मंडपातला खेळ हे सार्वजनिक प्रदर्शन आहे आणि त्यासाठी वेगळी परवानगी घेतलीच पाहिजे. पण एचडीसीपी माणसे मोजत नाही, उपकरणे ओळखते. पडद्यासमोर चार जण आहेत की चारशे, हे त्याला कळत नाही. नवा प्रोजेक्टर असेल तर मंडपातला खेळ ते सुखाने चालू देईल आणि जुन्या मॉनिटरसमोर बसलेल्या दोन वृद्धांना अडवेल.

कायद्याचा धाकही घातला जातो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५-ए आले. तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र ते भेदणे हक्कभंगाच्या हेतूने झालेले असले पाहिजे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी असे काही केले, तर हे कलम आड येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कुलूप काढून टाकणारी यंत्रे विकत घ्या, असा सल्ला मी देणार नाही. सांगायचे एवढेच, की घरात बसून वर्गणीचा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहू इच्छिणारा माणूस संशयित नाही. कायदा त्याला तसा समजत नाही; दुकानदाराने आणि सेवेनेही समजू नये.

मग हवे काय? पहिली गोष्ट, काळ्या पडद्याऐवजी एक वाक्य. "तुमच्या मॉनिटरला एचडीसीपी नाही, म्हणून चित्र थांबवले आहे" असे पडद्यावर आले, तर केबलीवर होणारा निम्मा खर्च वाचेल. नकार कशामुळे द्यायचा हे उपकरणाला ठाऊक असते. ते सांगायचे नाही, हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. दुसरी गोष्ट, उच्च दर्जा नाकारला तरी साधा दर्जा द्यावा. ही सवलत आजही अस्तित्वात आहे: गूगलच्या वाइडवाइन संरक्षणाची सर्वांत खालची पातळी, एल-थ्री, असलेल्या टॅबलेटवर बहुतेक सेवा चित्रपट रोखत नाहीत, कमी दर्जाचे चित्र दाखवतात. टॅबलेटच्या स्वतःच्या पडद्यासाठी जे चालते, ते बाहेरच्या पडद्यासाठीही चालू शकते.

तिसरी मागणी खोक्यावरच्या छपाईची. रिंग रोडच्या कापड बाजारात ताक्यावर मीटर लिहिलेले असतात आणि व्यापारी त्यावर विश्वास ठेवून माल उचलतो. टॅबलेटच्या खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात. पोर्टमधून चित्र बाहेर जाते की नाही, वाइडवाइनची पातळी कोणती, हे बहुधा छापत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने मालाचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क दिला आहे. ही माहिती त्या हक्काच्या कक्षेत यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर एक पर्याय वापरण्याजोगा आहे. टीव्हीतच त्या सेवेचे ॲप असेल, किंवा क्रोमकास्टसारखे साधन असेल, तर चित्रपट टॅबलेटमधून जातच नाही. तो इंटरनेटवरून थेट टीव्हीकडे येतो आणि टॅबलेट रिमोटचे काम करतो. मात्र ही वाट सेवेच्या मर्जीवर आहे. आयपॅडवरून टीव्हीवर बिनतारी चित्र पाठवणाऱ्या एअरप्लेचा आधार नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये काढून घेतला आणि आयपॅडवाल्यांची चालू सोय बंद पडली. म्हणून केवळ पर्यायावर समाधान मानणे मला पटत नाही.

तुम्ही टॅबलेट घ्यायला जाल तेव्हा बिल करण्याआधी आपल्या वर्गणीतला चित्रपट दुकानातल्या टीव्हीवर तारेने लावून दाखवायला सांगा. टीव्हीला जोडून चित्रपट दिसेल असे तोंडी आश्वासन मिळाले, तर ते बिलावर लिहून घ्या. नंतर कोणी हात झटकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.