मंचावर बाटली, मंडपात ड्रम

मागल्या तालुका बैठकीला दिग्रसमध्ये मंचावरच्या प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली होती. खाली सतरंजीवर बसलेल्यांसाठी कोपऱ्यात एक ड्रम आणि दोन गिलास. एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, "आमच्या गावचं पानी तुमाले बाधते काय?" आम्ही मंचावरच होतो. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

हिशेब मांडू. लिटरभर बाटली 20 रुपये. संकरित ज्वारीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3,699, म्हणजे किलोला 37 रुपयेही पुरते नाहीत. तोही बाजारात पदरात पडला तर. दोन बाटल्या प्यायल्या की किलोभर ज्वारी संपली. बाटलीचा भाव विकणारा छापतो, ज्वारीचा भाव घेणारा सांगतो.

बरे, बाटलीतले शुद्धच असते असेही नाही. 2003 साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली-मुंबईत विकले जाणारे बाटलीबंद पाणी तपासले, तेव्हा त्यात लिंडेन, क्लोरपायरिफॉस अशा कीटकनाशकांचे अंश निघाले. त्यानंतर नियम कडक झाले. लग्नात येणाऱ्या बिनसीलच्या थंड जारवर तर कसलीच खूण नसते; थंड म्हणजे स्वच्छ, असे आपणच धरून चालतो.

पण विहिरीचे, बोअरचे पाणी सगळे चांगले, असेही आम्ही म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराईड आहे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि तहानेचे काय? मे महिन्यात पऱ्हाट्या उपटणारा माणूस घामातून पाण्याबरोबर मीठही गमावतो. ते बाटलीतल्या पाण्याने भरून निघत नाही. मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील यांनी निघते. निंदायला जाणाऱ्या बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही लाज त्यांची नाही, शेतमालकाची आहे. आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पिण्याचे पाणी नेणे, किंवा पाण्याच्या बाटलीत उरलेले औषध ठेवणे, हे आजपासून बंद. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात माणसे गेली आहेत.

येत्या जिल्हा बैठकीत मंचावर बाटली येणार नाही. एकच माठ राहील, सगळ्यांसाठी. प्रत्येक गावाने आपल्या पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल सोबत आणावा. नसेल तर ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच आणावी.