डॅक कुठला घेऊ? आधी माळ्यावर चढा!



"घरी स्ट्रीमिंगवर गाणी ऐकायची आहेत. डॅक कुठला घेऊ? आणि प्रीअँप वेगळा लागतो का?" या वर्षात हा प्रश्न मला सहा-सात जणांनी तरी विचारला. सगळे आपल्याच नगर जिल्ह्यातले. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) कुणी संगमनेरचा, कुणी राहुरीचा, कुणी आठवडाभर पुण्यात आयटीत आणि शनिवार-रविवार श्रीगोंद्यात. बजेट विचारलं की म्हणतात, चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाऊ. माझं उत्तर सगळ्यांना एकच: नका जाऊ.

रागावू नका, आधी हिशोब बघा.

सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. ४४.१ चा निम्मा, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर पकडता येतो. माणसाचा कान फार तर २० पर्यंत, चाळिशीनंतर त्याहून कमीच. आता आपली खोली घ्या. पंखा बंद केला तरी ३०-३५ डेसिबलची कुजबुज असतेच. ९०-९५ च्या वर गेलात तर शेजारचे काका दारात उभे. मधे राहिले साठेक. मग १२० डेसिबलचा डॅक नक्की काय जास्तीचं ऐकवणार?

"पण हाय-रेझ?" २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हाय-रेझ संगीत एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तर बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं ५२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक असलाच तर केसाएवढा. केसाला पन्नास हजार?

बरं, आपण ऐकतो काय? गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. आपल्या मेहेराबादच्या मेहेरबाबांचं नाव मिरवणारं 'द हू'चं 'बाबा ओ'रायली' १९७१ चं. तो सगळा टेपचा जमाना. तेव्हाच्या चांगल्या स्टुडिओ टेपची झेपच ७० डेसिबलच्या आसपास. १६ बिटांत ते मावून वर जागा उरते.

आता प्रीअँप. रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट निघतात. तो सिग्नल वाढवायला प्रीअँप लागायचा. डॅकमधून थेट २ व्होल्ट येतात आणि बहुतेक अँप्लिफायरना पूर्ण जोर लावायला तेवढे पुरतात. ते आणखी वाढवणं म्हणजे मुळा धरण भरलेलं असताना टँकर मागवणं! आवाज कमी-जास्त करायचाय? सॉफ्टवेअरमध्ये करा. एक बिट म्हणजे ६ डेसिबल. २४ बिटांच्या डॅकवर आवाज ४८ डेसिबल खाली आणलात तरी ८ बिट जातात, १६ शिल्लक. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे किंवा तीन-चार उपकरणं एकाच अँप्लिफायरला जोडायची आहेत, त्यांनी प्रीअँप खुशाल घ्यावा. फोनला जॅक नसेल किंवा लॅपटॉपचा जॅक खरखरत असेल, तर बोटाएवढा यूएसबी डोंगल घ्या. तोही डॅकच असतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको, मोजल्याशिवाय ऑप्टिमाइझ करू नये. खरा बॉटलनेक खोलीत असतो. १० बाय १० ची खोली, वर १० फुटांवर स्लॅब, म्हणजे तिन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो. खाली गुळगुळीत फरशी, भिंती बोडक्या. एक टाळी वाजवून बघा, खोली कशी झणझणते ते. जाजम, गोधड्या, पुस्तकांचं कपाट.. औषध घरातच आहे. स्पीकरमधून सतत 'हम्म' येतंय? वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर गुणगुणत असेल, तर डॅक काय करणार बिचारा? :)

आता खरा मुद्दा. स्ट्रीमिंगवर जे आहे ते दहा वर्षांनीही कुठेतरी मिळेल. पण तुमच्या माळ्यावरच्या डब्यातल्या कॅसेटींचं काय? सप्ताहातलं कीर्तन, यात्रेतला वग, आजीच्या जात्यावरच्या ओव्या. त्याची प्रत जगात एकच आहे आणि ती पत्र्याखाली उन्हाळे काढतेय. हा अनंत फंदींचा जिल्हा आहे. संगमनेरच्या कांताबाई सातारकर २०२१ मध्ये गेल्या. नामवंतांचं काहीतरी कुणीतरी जपेल. तुमच्या गावच्या सोंगाड्याचं कोण जपणार? टेपला बुरशी लागते, आतला प्रेशर पॅड गळून पडतो. टेप तुमच्या दिवाळी बोनसची वाट बघत नाही.

म्हणून डॅकचा नाद सोडा, उलटं यंत्र घ्या: एडीसी. म्हणजे लाइन-इन असलेला दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. एक धड चालणारा कॅसेट डेक मिळवा. त्याचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, सगळ्यात मोठा आवाजही शून्याच्या दहाएक डेसिबल खाली राहू द्या आणि फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. तासाभराची कॅसेट न दाबताही साधारण १ जीबी होते. १ टीबीच्या डिस्कवर नऊशेहून जास्त तास बसतात. दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. फाइलच्या नावात गाव, साल आणि गाणाऱ्याचं नाव लिहा. आवाज ओळखणारी माणसं अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

"वेळ कुणाला आहे?" कॅसेट तिची ती वाजते हो, तुम्ही फक्त बाजू बदलायची, तीही अर्ध्या तासाने. डॅकचे रिव्ह्यू वाचण्यात यापेक्षा जास्त रविवार गेलेत तुमचे!

असो. माझ्याशी भांडायचं असेल तर जरूर भांडा. पण आधी माळ्यावर चढून तो डबा खाली काढा.