४८ मतं आणि एक ओटीपी
मी अंधेरीकर, म्हणजे मुंबई उत्तर-पश्चिमचा मतदार. ४ जून २०२४ ला नुसती ईव्हीएमची मतं बघितली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. पोस्टल मतांत रवींद्र वायकरांना ४९ जास्त मिळाली, ते ४८ ने जिंकले. मग व्हॉट्सअॅपवर फिरलं: मोबाइलच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं! अरे, ईव्हीएमला ना इंटरनेट ना ब्लूटूथ, ओटीपी जाणार कुठे? निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं, ओटीपी लागतो तो ‘एन्कोर’च्या लॉगिनला, मोजून झालेले आकडे त्यात भरतात. मोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याचा गुन्हा मात्र नोंदवला गेला. फोन आत गेलाच कसा, हे मी विचारेन.